लिटर किती, किलो किती: इंधन महागलं की इंदूरच्या घरखर्चात नेमकं काय वाढतं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सुदामा नगरातलं चौघांचं घर, दोन दुचाकी, एक लहान कार. पेट्रोल-डिझेल वाढलं की महिन्याभरात बंदीचं (घरी रोज ठरलेलं येणारं) दूध, भाजी, मुलीच्या शाळेची व्हॅन, सासऱ्यांचा दुपारचा डबा, सगळेच ‘डिझेल वाढलं’ म्हणून भाव वाढवतात. यात खरं किती, कुठे द्यावं, कुठे थांबवावं, आणि घरातल्या घरात काय करता येईल?

ताई, याचा हिशोब करता येतो, आणि तो अवघड नाही. कोणत्याही वस्तूसाठी दोनच गोष्टी विचारायच्या: ती तुमच्या दारापर्यंत यायला किती लिटर इंधन जळलं, आणि ते किती किलोंवर (किंवा किती डब्यांवर, किती मुलांवर) वाटलं गेलं. भागाकार केला की खरी वाढ समोर येते. खाली सगळीकडे लिटरमागे ५ रुपयांची वाढ धरली आहे. प्रत्यक्षात वाढ अडीच रुपयांची असेल तर सगळे आकडे निम्मे करा, दहाची असेल तर दुप्पट. पेट्रोल १०७ आणि डिझेल ९२ हे आकडेही हिशोबापुरते धरलेले आहेत. त्या जागी आजचा दर टाका.

आधी पंपावरच्या दराबद्दल, कारण मध्य प्रदेशात वाढ थोडी जास्तच का लागते हे तिथे कळतं. एका बॅरलमध्ये १५९ लिटर असतात. डॉलर ८८ रुपयांच्या आसपास धरला, तर कच्चं तेल बॅरलमागे १ डॉलरने वाढलं की मूळ किमतीत लिटरमागे साधारण ५५ पैसे वाढतात. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठराविक रुपयांत असतं, त्यामुळे ते आपोआप वाढत नाही. राज्याचा व्हॅट मात्र टक्क्यांत असतो, आणि तो मूळ किंमत, उत्पादन शुल्क आणि डीलरचं कमिशन या सगळ्यांच्या बेरजेवर लागतो. नोव्हेंबर २०२१ च्या कपातीनंतर मध्य प्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये आणि १ टक्का सेस अशी रचना झाली. डिझेलवर १९ टक्के, दीड रुपया आणि १ टक्का सेस. म्हणजे पेट्रोलच्या मूळ किमतीत १ रुपया वाढला की इंदूरच्या पंपावर साधारण १ रुपया ३० पैसे वाढतात, डिझेलमध्ये १ रुपया २० पैसे. ५५ पैशांचे पेट्रोलमध्ये ७० पैशांच्या वर होतात ते असे. गुजरातेत व्हॅट कमी आहे, म्हणून दाहोदकडे जाणारी कार सीमेपलीकडे टाकी भरते. डिझेलमधला फरक मात्र त्या मानाने किरकोळ असतो, त्यामुळे ट्रकवाल्याला त्यासाठी वाट वाकडी करणं क्वचितच परवडतं.

वाहतुकीचा भाग इंदूरला फार नाही. मुंबईकडून येणारी पाइपलाइन मांगलियाच्या डेपोपर्यंत येते आणि तिथून टँकर शहरात येतात. डेपोपासून लांब असलेल्या जिल्ह्यांत हा भाग वाढतो. याच राज्यातल्या अनुपपूरमध्ये साधं पेट्रोल फेब्रुवारी २०२१ मध्येच शंभरीपार गेलं, मुंबईच्याही आधी.

१६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतात. प्रत्यक्षात ते बरेच दिवस स्थिर राहतात आणि मग पायऱ्या चढतात. २०२२ मध्ये साडेचार महिन्यांच्या शांततेनंतर २२ मार्च ते ६ एप्रिल या १६ दिवसांत १४ वेळा वाढ झाली. दिल्लीत ती १० रुपये होती, आपल्याकडे व्हॅटमुळे त्याहून थोडी जास्त. असा झटका आला की बाजारातले सगळेच एकदम आपले भाव ‘नीट’ करून घेतात, आणि घरखर्चाला खरी झळ तिथे लागते.

आता भाजी. समजा कांदा नाशिक पट्ट्यातून ए. बी. रोडने आला. ४०० किलोमीटर, दहाचाकी गाडी, १६ टन माल. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते, म्हणजे १०० लिटर डिझेल. ५ रुपयांच्या वाढीने ५०० रुपये जास्त लागले. ते १६,००० किलोंवर वाटले तर किलोमागे ३ पैसे. गाडी रिकामी परत गेली असं धरून परतीचे ७३ लिटरही यात घातले, तरी किलोमागे साडेपाच पैसे. टोमॅटो संगमनेर-नारायणगावकडून ५ टनांच्या आयशरमध्ये आला, तर अंतर ५०० च्या घरात, लिटरला साडेसात, येताना ६७ लिटर, आणि रिकामे कॅरेट घेऊन परत जाताना आणखी ५५. किलोमागे १२ पैसे. गाडी लहान झाली की पैसे वाढले, पण अजून पैशांतच आहेत.

पुढचा टप्पा मंडी ते गल्ली. लहान ठेलेवाला १५० किलो माल लोडिंग रिक्षात टाकून आणतो. मंडी लांब आहे असं समजून जाऊन-येऊन २६ किलोमीटर धरले तर सुमारे १ लिटर डिझेल, म्हणजे वाढ ५ रुपये, किलोमागे साडेतीन पैसे. पण रिक्षावाला भाडं ५ रुपयांनी वाढवत नाही, ५० नी वाढवतो, कारण भाडी पन्नासाच्या पटीतच ठरतात. आता किलोमागे ३३ पैसे झाले. ज्याचा मालच ६० किलो आहे, त्याला ८३ पैसे. आणि ठेल्यावर भाव किलोत बोलला जात नाही, पावात बोलला जातो. पावामागे १० चे १५ झाले, म्हणजे किलोमागे २० रुपये वाढले. शेतापासून दारापर्यंत इंधनाची वाढ पन्नास पैशांच्या आसपास होती, बाकी सगळं सुट्ट्या पैशांच्या गोलाईत गेलं.

म्हणून पहिलं काम: भाव किलोत विचारा आणि अर्धा किलो, एक किलोच्या मापात घ्या. पावाचा भाव विचारायची सवय सुटली की यातला मोठा भाग तिथेच वाचतो. ठेलेवाल्याशी भांडायची गरज नाही. त्याच्या मालातला दहावा हिस्सा उन्हाने आणि हाताळणीने वाया जातो, आणि त्याच्याही घरी सिलिंडर येतो. एकाच ठेल्यावरून नियमित, किलोच्या मापात घेणाऱ्याला तो स्वतःहून बरा भाव लावतो.

‘मग मंडीतूनच आणू’ असं मनात येतं, त्यातही भागाकार करा. मंडी तेवढीच लांब असेल तर २६ किलोमीटरला स्कूटर पाऊण लिटरच्या आत, साधारण ५८० मिली पेट्रोल पिते, म्हणजे ६२ रुपये. १० किलो भाजी आणली तर किलोमागे ६ रुपये वाटेतच गेले. चार घरांनी मिळून ४० किलो आणली तर दीड रुपया, मग परवडतं. कांद्याचा जाळीचा कट्टा घ्यायचा तर एप्रिल-मेमध्ये, उन्हाळी कांदा, मान वाळलेली आणि साल कडकडीत असलेला. पावसाळ्यात घेतलेला ओलसर कांदा कट्ट्यातच सडतो आणि सगळी बचत घेऊन जातो. बटाटा अंधारात ठेवा आणि कांद्याशेजारी नको, दोन्ही लवकर खराब होतात.

दुधाचं गणित याहून वेगळं आहे. बंदीचं दूध आणणारा साधारण ७० लिटर घेऊन गावातून येतो. येऊन-जाऊन ४८ किलोमीटर, दुधाने भरलेल्या कॅनसह मोटारसायकल लिटरला ४० देते, म्हणजे १.२ लिटर. वाढ ६ रुपये, दर लिटर दुधावर ९ पैशांच्या आत. डेअरीच्या १०,००० लिटरच्या टँकरवर तर दोन पैसेही जड. तरी दूध एकदम २ रुपयांनी वाढतं, आणि ते पूर्ण खोटंही नसतं. दुधाचा खर्च जनावराच्या तोंडातून जातो: सरकी ढेप, चुनी, भुसा. यातला भुसा ही वजनाने हलकी पण जागा खाणारी वस्तू आहे. ज्या गाडीत १६ टन कांदा मावतो त्याच गाडीत ५-६ टन भुसा भरला की शीग लागते. लिटर तेवढेच जळले, पण किलो एक तृतीयांश झाले, म्हणून भुशावर इंधनाची वाढ तिप्पट बसते. जिथे माल हलका आणि फुगीर, तिथे हाच नियम: परमल, मुरमुरे, शेवेची हवा भरलेली पाकिटं, गाद्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, रिकाम्या बाटल्या. डाळ, साखर, मीठ, गहू यांच्यावर वाहतुकीची वाढ जवळपास दिसतच नाही. किराणावाला साखरेच्या किलोमागे ३ रुपये ‘गाडीभाड्याचे’ सांगत असेल तर ते पटवून घेऊ नका.

खाद्यतेलाकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण इंदूरच्या ताटात इंधनाची खरी झळ बहुधा याच दारातून येते. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, त्यात पामतेल सर्वांत जास्त. इंडोनेशियात पामतेलाचं बायोडिझेल करून ते डिझेलमध्ये मिसळणं सक्तीचं आहे. कच्चं तेल महागलं की पामतेल गाडीच्या टाकीकडे ओढलं जातं, कढईसाठी कमी उरतं आणि त्याचा भाव चढतो. सोयाबीन तेल त्याच्या मागे जातं, कारण कारखानदार एकाच्या जागी दुसरं वापरतात. शिवाय माळव्यातल्या प्लांटांत सोयाबीनमधून तेल काढायला हेक्झेन नावाचं द्रावक लागतं, तेही पेट्रोलियमचंच. म्हणून शेव, मिक्श्चर, कचोरी यांचे भाव वाढले तर दुकानदाराच्या ‘इंधनामुळे’ या उत्तरात तथ्य असतं, फक्त ते डिझेल नसून कढईतलं तेल असतं. ही वाढ लगेच येत नाही, सहसा तीन ते सहा आठवड्यांनी येते. आणि पाकिटबंद मालात ती अनेकदा किमतीत न येता वजनात येते. किंमत तीच, पण २०० ग्रॅमचे १८० झालेले असतात. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो, तुलना त्या आकड्याची करा.

शाळेची व्हॅन: दोन फेऱ्यांचे मिळून रोज ५० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, पेट्रोलवर शहरात लिटरला १४. म्हणजे ८६ लिटर, वाढ ४३० रुपये. १० मुलं असतील तर मुलामागे ४३ रुपये. व्हॅन सीएनजीवर असेल तर किलोला २० किलोमीटर धरून ६० किलो गॅस लागतो. सीएनजी ३ रुपयांनी वाढला तर मुलामागे १८ रुपये. चालकाने एकदम २०० मागितले तर हा कागद समोर ठेवून बोला, पण त्याचे विमा, टायर, फिटनेस हे खर्चही विचारा. ते वाढले असतील तर तेवढे द्यायलाच हवेत. मुलांची सुरक्षितता त्याच्या हातात आहे. पैशांत ओढाताण झालेला माणूस दहाच्या जागी चौदा मुलं कोंबतो आणि ब्रेकचं काम पुढे ढकलतो. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे सत्राच्या सुरुवातीला पालकांनी आणि त्याने मिळून एक ओळ लिहून ठेवणं: ‘आज पेट्रोलचा दर इतका, तो ५ रुपयांनी वाढला तर मुलामागे ४५ रुपये वाढतील, ५ रुपयांनी उतरला तर ४५ कमी होतील.’ उतरण्याचा उल्लेख हवाच. तो नसला की दर वर जाताना करार चालतो आणि खाली येताना कोणालाच आठवत नाही. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये उत्पादन शुल्क कमी केलं, तेव्हा असं लिहून ठेवलेल्यांनाच व्हॅनचे पैसे कमी करून घेता आले असते.

मोठे ट्रान्सपोर्टर आणि कारखाने यांच्या करारात हेच कलम असतं. तिथे सूत्र असं: डिझेल किती टक्क्यांनी वाढलं, गुणिले भाड्यात डिझेलचा वाटा किती. लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये हा वाटा साधारण निम्मा असतो. ९२ वर ५ रुपये म्हणजे ५.४ टक्के, त्याचं निम्मं २.७ टक्के. घरसामान हलवणाऱ्याने २०,००० च्या भाड्यावर ३,००० ‘डिझेलवाढ’ लावली तर त्याला ५४० चा हिशोब दाखवा.

पुण्याच्या स्लीपर बसलाही हाच नियम. ६०० किलोमीटर, लिटरला पावणेचार, १६० लिटर, ८०० रुपये वाढ. ३२ प्रवाशांत माणशी २५ रुपये. गणपतीत आणि दिवाळीत तिकिटावर वाढणारे शेकडो रुपये गर्दीचे असतात, डिझेलचे नव्हेत. ते टाळण्याचा उपाय तिकीट आधी काढणं किंवा रेल्वे, एवढाच.

सासऱ्यांच्या डब्यात दोन ठिकाणी इंधन आहे. स्वयंपाकाला एका जेवणामागे ३५ ते ४० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये जवळपास ५०० डबे. त्याचा दर सहसा १ तारखेला बदलतो. तो १०० रुपयांनी वाढला तर डब्यामागे २० पैसे. पोहोचवायला स्कूटरवर २० किलोमीटरमध्ये ३० डबे, वाढ ७ पैसे. मिळून ३० पैशांच्या आत. डबा १० रुपयांनी वाढला तर त्याचं कारण तेल, डाळ आणि स्वयंपाकाच्या बायकांचा पगार असतं. पगाराचं कारण खरं असेल तर वाढ आनंदाने द्यावी.

आता तुमच्या घरचा ताळा बघा. महिन्याला ३० किलो भाजी, ६० लिटर दूध, एक व्हॅन, ३० डबे. इंधनाच्या ५ रुपयांनी यांची न्याय्य वाढ होते भाजीचे १५, दुधाचे ५, व्हॅनचे ४३, डब्याचे ९, म्हणजे पाऊणशेच्या आत. मागितली जाणारी वाढ, भाजीला किलोमागे सरासरी ५, दुधाला २, व्हॅनला २०० आणि डब्याला १० धरली तर ७७० रुपये होते. दहापटीहून जास्त. या सातशेतले काही पैसे वर सांगितल्याप्रमाणे चारा, तेल, पगार अशा खऱ्या कारणांचे असतात, पण ते त्या नावाने मागितले जावेत.

याउलट तुमच्या स्वतःच्या टाकीतली वाढ शंभर टक्के खरी आणि त्याच दिवशी लागणारी. स्कूटर महिन्याला ५२० किलोमीटर, ११.६ लिटर. मोटारसायकल ७८० किलोमीटर, १४ लिटर. कार ३०० किलोमीटर, २१ लिटर. एकूण ४७ लिटर, वाढ २३५ रुपये. यात लक्षात घेण्यासारखं हे की सर्वांत कमी चालणारी कारच सर्वांत जास्त पिते. राजवाड्यापर्यंत एकट्याने कार नेणं बंद झालं तरी अर्धी वाढ भरून निघते.

गाडीचा खरा ॲव्हरेज मोजल्याशिवाय बाकी उपायांना अर्थ नाही. मीटरवर दिसणारा आकडा अंदाज असतो. गाडी मेन स्टँडवर उभी करून नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा, त्यावर थेंबही नाही. किलोमीटर लिहा. टाकी अर्ध्याहून खाली येईपर्यंत चालवा. मग त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर. तीनदा करून सरासरी काढा. लोक चुकतात ते इथे: एकदा साइड स्टँडवर, एकदा मेन स्टँडवर भरतात, किंवा रक्कम गोल करायला वरून आणखी टाकायला सांगतात. त्यात अर्धा लिटर इकडेतिकडे होतं, आणि ५ लिटरच्या टाकीत अर्धा लिटर म्हणजे दहा टक्के चूक.

ॲव्हरेज घसरला असेल तर आधी हवा बघा. बहुतेक ११० सीसी स्कूटरना पुढे २२, मागे एकट्याला २९ आणि डबलसीट ३६ पीएसआय लागते. कारचा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासा. हवा पाचव्या हिश्श्याने कमी असली तर इंधन दोन-तीन टक्के जास्त जातं आणि टायरच्या कडा झिजतात. त्यानंतर ब्रेक: मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. ते सहज दोन-तीन फेरे फिरलं पाहिजे. घासून थांबत असेल तर लायनर चिकटतो आहे, आणि हे दहा मिनिटांचं काम महिनोन्‌महिने पेट्रोल खातं. मोटारसायकलची चेन दर ५००-७०० किलोमीटरला पुसून तेल द्या, मधोमध दोन ते तीन सेंटिमीटर ढिली असावी. एअर फिल्टर आपल्याकडच्या धुळीत पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या आधी भरतो. मात्र अनेक नव्या दुचाकींचा कागदी फिल्टर तेलकट थराचा असतो, तो हवेने झटकायचा नसतो, बदलायचा असतो. झटकला की थर निघतो आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. सिग्नल अर्ध्या मिनिटाहून मोठा असेल तर इंजिन बंद ठेवा. हायवेवर कार १०० ऐवजी ८० ने चालवली की इंधनात साधारण सहावा-सातवा हिस्सा वाचतो. एवढी बचत दुसऱ्या कोणत्याच उपायात नाही.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी असते. एप्रिल २०२३ आधीच्या गाडीचा ॲव्हरेज यामुळे काही टक्के उतरतो, जुन्या कारमध्ये जास्त, दुचाकीत कमी. हा दोष मेकॅनिकच्या हाताने सुटणारा नाही, त्यासाठी कार्ब्युरेटर पुनःपुन्हा खोलू नका. पावसाळ्यात टाकीचं झाकण आणि त्याचं रबर नीट ठेवा. पाणी शिरलं तर इथेनॉल पाण्यासकट तळाशी बसतं आणि गाडी बंद पडते. उभ्याच राहणाऱ्या गाडीची टाकी तळाला ठेवू नका. साध्या गाडीत जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकून ॲव्हरेज वाढत नाही.

पंपावर शून्य बघा, एवढं पुरेसं आहे. १०० ऐवजी ११० चं भरल्याने किंवा पहाटे भरल्याने काही फरक पडत नाही, टाक्या जमिनीखाली असतात. मापाची शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं आणि तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. ५ लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक मान्य असतो, त्याहून कमी भरलं तर वजनमाप खात्याकडे तक्रार करा.

इलेक्ट्रिक स्कूटरचा विचार असेल तर मध्य प्रदेशातली एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. महिन्याला ५२० किलोमीटरसाठी, चार्जिंगमधली घट धरून, १८ ते २० युनिट लागतात. आठ रुपये युनिटने दीडशे-एकशेसाठ रुपये. तेवढ्याच अंतराचं पेट्रोल साडेबाराशेच्या घरात जातं, म्हणजे महिन्याला हजाराहून थोडी जास्त बचत. दोन्ही स्कूटरच्या किमतीत २५,००० चा फरक असेल तर दोन वर्षांत वसूल. पण राज्याच्या गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तरच पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. तुमचं बिल आत्ता १३५-१४० युनिटांवर असेल तर स्कूटरचे २० युनिट तुम्हाला योजनेबाहेर ढकलतील आणि त्या महिन्याची अर्धीअधिक बचत तिथेच जाईल. आधी गेल्या १२ महिन्यांची बिलं काढून बघा. रोज ८-१० किलोमीटरच जाणं असेल तर मात्र बदलू नका, फरक वसूल व्हायला चार-पाच वर्षं जातील.

गॅसऐवजी इंडक्शनचंही असंच. १४.२ किलोच्या सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर करायला सुमारे १२५ युनिट लागतात, आठच्या दराने १,००० रुपये. सिलिंडर हजाराच्या खाली असेपर्यंत पूर्ण स्वयंपाक इंडक्शनवर नेऊन फायदा नाही. गॅसमध्ये बचत डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवण्यात, कुकरमध्ये, आणि ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर न जाऊ देण्यात आहे. ज्योत पिवळी दिसली की बर्नरची भोकं सुईने साफ करा. सिलिंडर घेताना कड्यावर लिहिलेलं रिकामं वजन वाचा, त्यात १४.२ मिळवा आणि काट्यावर तेवढं भरतं का ते दारातच बघा. डिलिव्हरी करणाऱ्याने काटा जवळ ठेवायचा असतो. नसेल तर पुढच्या वेळी घेऊन यायला सांगा, आणि सील शाबूत असल्याशिवाय सही करू नका.